उजळलेला रुपया, रंगवलेला रुपया

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस घरोघरी चांदी बाहेर निघते. ताटे, वाट्या, निरांजने आणि पूजेची तबके यांच्याबरोबर एखाद्या मखमली बटव्यातून पाच-पन्नास जुने रुपयेही बाहेर येतात. कोणी त्यांना राणीछाप म्हणतो, कोणी कलदार, तर कोणी बंदा रुपया. महावीर निर्वाणाच्या पर्वात वहीपूजन होते, तेव्हा नव्या वहीच्या कोऱ्या पानावर ठेवण्यासाठी यांतलाच एक रुपया लागतो. तो काळवंडलेला कसा ठेवायचा, या भावनेने चिंचेचा कोळ, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट किंवा बाजारात मिळणारी चांदी उजळण्याची पूड यांपैकी काहीतरी हाती घेतले जाते. दहा मिनिटांत रुपया लख्ख होतो आणि घरातील सर्वांना समाधान वाटते. त्या दहा मिनिटांत नाण्यावरचे जे गेले ते पुन्हा कधीही परत आणता येत नाही, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते.

या गोष्टीची दुसरी बाजू बाजारात दिसते. घासलेल्या नाण्याला जाणकार ग्राहक कमी किंमत देतो, हे ओळखून काही विक्रेते त्याच नाण्यावर कृत्रिम काळेपणा किंवा इंद्रधनुषी रंग चढवतात आणि ते अस्पर्श, जुने नाणे म्हणून पुढे करतात. घरातली चूक भाबडेपणाची असते, तर बाजारातील कृती हेतुपुरस्सर असते. परंतु दोन्हींची ओळख पटवण्याची विद्या एकच आहे. ज्या घरात वडिलोपार्जित रुपये आहेत, त्यांची भावंडांत वाटणी व्हायची आहे, किंवा घरातल्या तरुणाला नाणी जमवण्याची आवड लागली आहे, त्या घराला ही विद्या थोडीफार अवगत असणे हिताचे ठरते.

प्रथम या रुपयाविषयी थोडे. १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकाच प्रमाणाचा रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हिणकस धातू, हे त्याचे प्रमाण. चौथा विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जची पहिली दोन वर्षे, असा शंभरांहून अधिक वर्षांचा काळ हे प्रमाण टिकून राहिले. १९४० मध्ये महायुद्धाच्या ताणाखाली ते मोडले. त्यानंतरच्या रुपयात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त आले. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा निघाला. म्हणजे १९४० पूर्वीच्या पूर्ण वजनाच्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते आणि सराफ त्याचा जो भाव करतो तो या आकड्यावर.

संग्राहकाचा भाव मात्र निराळा असतो. १९१६ ते १९१९ या वर्षांचे पाचव्या जॉर्जचे रुपये अमाप संख्येने पाडले गेले. ते वापरून झिजलेले असतील, तर त्यांची किंमत चांदीच्या किमतीपासून फार दूर जात नाही, आणि असा एखादा रुपया पूर्वी घासला गेला असेल तर फार मोठे नुकसान झाले असेही नाही. परंतु त्याच वर्षाचा, टांकसाळीतून निघाल्यापासून जवळजवळ हात न लागलेला रुपया कितीतरी पटीने महाग असतो. त्यातही १९११ चा रुपया पाहावा. त्यावर राजाच्या झग्यावरील पदकमाळेत कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला, आणि सरकारने बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली. पुढल्या वर्षी हत्तीची आकृती सुधारून कोरण्यात आली. तो इवलासा हत्ती हीच त्या नाण्याची ओळख आहे, आणि घासताना नेमक्या अशाच उंचावट्याच्या बारीक आकृती आधी झिजतात. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया तर इतका दुर्मीळ आहे की त्याच्या पृष्ठभागाची अवस्था म्हणजे अक्षरशः पैशाचा प्रश्न. अशा नाण्यावर कोणी टूथपेस्ट लावली, तर तो खर्च पिढीजात ठरतो.

मूळ झळाळी म्हणजे काय

नवे नाणे चमकते ते गुळगुळीत असल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. टांकसाळीत दोन ठशांमध्ये चांदीची चकती प्रचंड दाबाने दाबली जाते, तेव्हा धातू मध्यापासून काठाकडे वाहतो. त्या प्रवाहाच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्याच्या मैदानावर किरणांसारख्या पसरलेल्या राहतात. साध्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण प्रकाश त्यांच्यावरून परावर्तित होताना एक विशिष्ट खेळ दिसतो. एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू फिरवले, की प्रकाशाचे दोन पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्याभोवती फिरताना भासतात. हीच टांकसाळीची मूळ झळाळी.

ही झळाळी ज्या रेषांवर अवलंबून आहे त्या फार नाजूक असतात. राख किंवा रांगोळीचा एक हात फिरला, की त्या खरवडल्या जातात आणि त्यांच्या जागी घासण्याच्या रेषा येतात. नाणे त्यानंतरही चकाकते, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक. पण ती चकाकी घासलेल्या तांब्याच्या लोट्याची असते. प्रकाश तिच्यावर फिरत नाही, एका जागी थिजून राहतो.

रासायनिक उपायांची गोष्ट थोडी वेगळी आहे. सराफाकडे किंवा दुकानात मिळणाऱ्या बुडवण्याच्या द्रावणात बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असते. ते काळा थर विरघळवते. त्यात ओरखडे पडत नाहीत, म्हणून तो उपाय निर्दोष वाटतो. परंतु काळा थर हा वरून बसलेली धूळ नव्हे. तो नाण्याचीच चांदी हवेतील गंधकाशी संयोग पावून झालेला असतो. त्यामुळे तो गेला, की त्याच्याबरोबर चांदीचाही सूक्ष्म पापुद्रा जातो. एकदा क्षणभर बुडवून काढलेले नाणे कदाचित निभावून जाते. दर दिवाळीला बुडवलेल्या नाण्याच्या प्रवाहरेषा मात्र बोथट होत जातात आणि शेवटी ते पांढरे, फिकट, खडूसारखे निस्तेज दिसू लागते. गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियमचा कागद ही घरगुती युक्ती अलीकडे फार पसरली आहे. तिच्यात गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी मागे राहते हे खरे. तरीही ती परत बसलेली चांदी पूर्वीच्या शिस्तीत बसत नाही आणि पृष्ठभागाला मूळ रूप येत नाही. ताट-वाट्यांसाठी हा उपाय उत्तम आहे, नाण्यांसाठी नाही.

साफ केलेले नाणे कसे ओळखावे

साधने फारशी लागत नाहीत. पाच ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग, एकच ठळक दिवा आणि खाली गडद रंगाचे मऊ कापड एवढे पुरे. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात नाणी पाहू नयेत. त्या उजेडात बारीक ओरखडे लपतात, आणि प्रदर्शनांतल्या काही टेबलांवर असाच उजेड का असतो याचा विचार ज्याचा त्याने करावा. नाणे नेहमी दोन बोटांत काठाने धरावे. दिव्याखाली ते आधी पुढे-मागे, मग डावीकडे-उजवीकडे कलते करावे, कारण एका कोनात न दिसलेली रेष दुसऱ्या कोनात स्पष्ट होते.

व्यवहारात फिरलेल्या नाण्यावर ओरखडे असणारच. ते कमी-अधिक खोलीचे, निरनिराळ्या दिशांचे आणि विस्कळीत असतात. कापडाने किंवा ब्रशने घासलेल्या नाण्यावर मात्र केसांसारख्या बारीक, समांतर रेषांचे झुबके दिसतात. बहुधा ते एका दिशेने जातात किंवा गोलाकार वळतात, आणि ज्या हाताने घासले त्या हाताची लय त्यांत उतरलेली असते. राणीचा गाल, राजाची दाढी आणि झग्याच्या चुण्या हे उंच भाग आधी पाहावेत, मग चेहऱ्यासमोरचे मोकळे मैदान. वापराने उंच भाग झिजतात आणि मैदान तुलनेने सुरक्षित राहते. मैदानही उंच भागांइतकेच घासलेले असेल, तर ती झीज हातोहात फिरून आलेली नव्हे.

दुसरी खूण अक्षरांच्या खाचांत सापडते. शंभर वर्षे वापरातल्या नाण्याच्या खोलगट जागी, अक्षरांच्या मुळाशी आणि वेलबुट्टीच्या कोपऱ्यांत एक करडा-काळा साका जमतो. उंच भागांवर तो विरळ असतो. त्या उतरत्या छटेमुळे नाण्याचे चित्र उठून दिसते. घासलेल्या नाण्याचे मैदान पांढरे शुभ्र आणि अक्षरांच्या खाचांत मात्र रांगोळीची किंवा पुडीची पांढरट भुकटी, असे दृश्य दिसले की दुसरा पुरावा शोधण्याची गरज नसते.

तिसरा प्रकार यंत्राने फिरणाऱ्या तारेच्या ब्रशचा आहे. त्याने नाण्यावर खोटी झळाळी येते आणि नवख्याला ती टांकसाळीची वाटते. परंतु भिंगातून पाहिले, तर मैदानातला धातू ढकलला जाऊन अक्षरांच्या एका बाजूला त्याची बारीक कड जमलेली दिसते. नाणे फिरवल्यावर प्रकाशाचे पट्टे नीट फिरत नाहीत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास तपासावी लागते. पूर्वी स्त्रियांच्या अंगावर रुपयांच्या माळा असत. त्यासाठी नाण्याच्या वरच्या काठाला कडी झाळून बसवत. पुढे माळ मोडून नाणी सुटी केली गेली, कडी काढली, जागा कानसून सपाट केली आणि ते झाकण्यासाठी सबंध नाणे उजळून घेतले. म्हणून राजाच्या डोक्याच्या वरच्या बाजूचा काठ नखाने आणि भिंगाने पाहावा. तिथले दाते बोथट असतील, किंवा धातूचा रंग किंचित वेगळा असेल, तर ते नाणे कधीकाळी कोणाच्या तरी गळ्यात होते हे निश्चित. त्याला कमीपणा मानण्याचे कारण नाही. पण ते जसे आहे तसे सांगितले गेले पाहिजे.

१९४० ते १९४५ च्या रुपयांवर चांदी निम्मीच असल्यामुळे जास्त घासल्यावर तांब्याची पिवळसर झाक उघडी पडू लागते. अशा नाण्याला पिवळसर पाहून कोणी बनावट म्हणू नये, इतकाच मुद्दा.

काळाने दिलेला रंग

आता रंगांकडे वळू. चांदी प्राणवायूने सहसा काळी पडत नाही. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. आरंभी हा थर इतका पातळ असतो की त्याची जाडी माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी भरते. पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगात जसे रंग दिसतात, तसेच या पातळ थरात प्रकाशाच्या खेळाने रंग उमटतात. संग्राहक याला टोनिंग म्हणतात, आणि तोच शब्द आता मराठी संग्राहकांतही रुळला आहे.

महत्त्वाची गोष्ट अशी की हे रंग वाटेल तसे येत नाहीत. थर जसजसा जाड होतो तसतसे ते ठरावीक क्रमाने उमटतात. प्रथम फिकट मधासारखा पिवळा, मग तांबूस-तपकिरी आणि जांभळट, त्यानंतर गडद निळा, मग फिकट आकाशी, पुन्हा पिवळसर, किरमिजी, हिरवा, आणि अखेरीस काळा. नाण्याच्या काठाला हवा अधिक लागते, मध्याला कमी. म्हणून जुन्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये राहिलेल्या नाण्यावर काठाशी निळा, आत तांबूस आणि मध्ये मधाळ किंवा पांढरा अशी कडी उमटलेली आढळतात. एका रंगातून दुसऱ्या रंगात जाताना मधली पायरी गाळली जात नाही. सकाळचे आभाळ जसे काळ्यातून निळ्यात आणि निळ्यातून केशरीत हळूहळू सरकते, तसे हे सरकणे असते.

अशा नाण्यांचे वेड मुख्यतः अमेरिकेत वाढले. तिथले १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेले मॉर्गन डॉलर सरकारी तिजोऱ्यांत हजार-हजारांच्या जाड कापडी पिशव्यांत अनेक दशके पडून होते. पिशवीला चिकटून राहिलेल्या डॉलरवर कापडातील गंधकाने इंद्रधनुष्य उमटले, काहींवर कापडाची वीणसुद्धा उमटली, आणि शेजारच्या नाण्याने झाकलेला भाग चंद्रकोरीसारखा पांढरा राहिला. संग्राहक अशा नाण्यांना मोठी किंमत मोजू लागले. जिथे किंमत आली तिथे नक्कल आली, आणि ती हवा आता आपल्या रुपयांपर्यंत पोहोचली आहे.

चढवलेला रंग

रंग चढवण्याच्या कृती येथे सविस्तर देण्याचे कारण नाही. गंधकाची संयुगे, उष्णता आणि काही घरगुती पदार्थ वापरून, जे जैन स्वयंपाकघरात येणारच नाहीत असेही काही त्यांत आहेत, दशकांचे काम काही मिनिटांत किंवा दिवसांत उरकले जाते. घाई हाच या कामाचा दोष, आणि तीच त्याची ओळखही.

घाईने चढवलेल्या रंगांत क्रम मोडतो. पांढऱ्या चांदीतून थेट गडद निळा किंवा झगझगीत जांभळा सुरू होतो. मधाळ आणि तांबूस पायऱ्या मध्ये दिसतच नाहीत. रंगाच्या सीमा पाण्याच्या ओघळासारख्या, तवंगासारख्या किंवा शिंतोड्यांसारख्या असतात. त्या अक्षरांवरून, चेहऱ्यावरून आणि मैदानावरून सरळ वाहत जातात, जणू खाली चित्र नाहीच. सावकाश आलेला रंग नाण्याचा उंच-सखलपणा ओळखतो: अक्षराच्या आडोशाला छटा थोडी बदलते, कित्येकदा अक्षराभोवती फिकट रेघ सुटलेली असते.

पण सर्वांत भरवशाची कसोटी रंगाखाली काय आहे ही. अस्पर्श नाण्यावर सावकाश चढलेल्या थरातून मूळ झळाळी आरपार दिसते. दिव्याखाली फिरवले, की रंगासकट प्रकाशाचे पट्टे फिरतात. घासून मग रंगवलेल्या नाण्यात रंग मेलेला, सपाट वाटतो आणि त्याच्या खाली भिंगातून समांतर ओरखड्यांचे झुबके दिसतात. कधी तर रंग त्या ओरखड्यांतच अधिक गडद बसलेला असतो. तेवढ्यावरून नाण्याचा सारा इतिहास वाचता येतो. आधी घासले, मग पस्तावले, मग झाकले.

जुनेपणा आणण्यासाठी दिलेला काळा रंग याहून ओबडधोबड असतो. उंच भाग पांढरे, खाचा मात्र शाईसारख्या एकसारख्या काळ्या, मधली करडी छटा गायब. असा रंग पुष्कळदा मेण, लाख किंवा बूट-पॉलिशच्या जातीचा असतो आणि शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने उतरतो. खऱ्या सल्फाइडच्या थराला ॲसिटोन काही करू शकत नाही. अर्थात दुसऱ्याच्या नाण्यावर हा प्रयोग परवानगीशिवाय करू नये, आणि नखांचा रंग काढणारे सुवासिक द्रावण म्हणजे शुद्ध ॲसिटोन नव्हे. ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून ते देव्हाऱ्याजवळ किंवा गॅसजवळ वापरू नये. ताज्या रंगवलेल्या नाण्याला कधीकधी गंधकाचा वासही येतो.

काळ्या थराचा आणखी एक उपयोग विक्रेते करतात. जर्मन सिल्व्हरचे किंवा ओतीव बनावट रुपये काळे करून जत्रेत किंवा रस्त्याकडेला जमिनीत सापडलेले म्हणून विकले जातात. येथे डोळ्याआधी तराजू वापरावा. ११.६६ ग्रॅमच्या पूर्ण रुपयात वापराने थोडी घट येईल, पण दीड-दोन ग्रॅमची तूट किंवा वाढ दिसली तर रंगाची चर्चा करण्यात अर्थ नाही. पाण्यात बुडवून घनता काढता आली तर जुन्या रुपयाची ती सुमारे १०.३ येते, जर्मन सिल्व्हरची त्याहून बरीच कमी.

एवढे सारे सांगूनही एक कबुली देणे भाग आहे. एखाद्या नाण्याचा रंग निसर्गाचा की माणसाचा यावर मुरलेल्या तज्ज्ञांचेही एकमत होत नाही, असे प्रसंग नेहमी येतात. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतील प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाही अयोग्य साफसफाई किंवा शंकास्पद रंग आढळला, की नेहमीचा दर्जांक नाकारून तशी नोंद करतात. पण तो शेवटी अनुभवी डोळ्यांचा अभिप्राय असतो, प्रयोगशाळेचा निकाल नव्हे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा राणीछाप रुपया परदेशी टपालाने तपासणीला धाडण्याचा विचार मनात आणू नये.

त्यापेक्षा डोळा इथेच तयार करावा. मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था १९८० पासून काम करते आणि तिचेही संग्रहालय आहे. काचेआड का होईना, खरी नाणी शे-दोनशे पाहून घ्यावीत. बनावट ओळखण्याची पूर्वतयारी खरे पाहण्यात असते, हे नोटा मोजणाऱ्या कोणत्याही रोखपालाला विचारले तरी तो सांगेल.

आपल्या घरापुरते

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांतला शेवटचा प्रतिरूपक व्यवहार. पूज्यपादाचार्यांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचा अर्थ कृत्रिम सोने वगैरे वस्तूंनी फसवून केलेला व्यवहार असा घेतला आहे. घासलेल्या रुपयावर रंग चढवून तो अस्पर्श म्हणून विकणे या व्याख्येत तंतोतंत बसते. प्रश्न अवघड होतो तो तिथे, जिथे फसवण्याचा हेतू नसतो: आजोबांनी ठेवलेले वीस रुपये, आईने दरवर्षी हौसेने घासलेले, आणि आता मुलगा त्यांतले पाच विकायला काढतो. नाणी खरी आहेत, वजन पूर्ण आहे. तरीही ती साफ केलेली आहेत हे त्याला ठाऊक असेल, तर ते आधी सांगणे त्याचे काम आहे, विचारल्यावर नव्हे. घेणाऱ्यानेही पावतीवर साल, टांकसाळ, वजन यांच्यासोबत 'पूर्वी साफ केलेले' किंवा 'रंग नैसर्गिक असल्याची हमी' असे शब्द लिहून मागावेत. हमी लिहायला नकार मिळाला, तर तोही एक प्रकारे अभिप्रायच झाला.

वाटणीच्या वेळी बहुधा सारे रुपये एका भावाचे धरून तोलून वाटतात. वाटण्यापूर्वी ते एकदा साल आणि अवस्थेप्रमाणे मांडून पाहावेत. एकाच्या वाट्याला १९१८ चे दहा घासलेले रुपये आणि दुसऱ्याच्या वाट्याला एक अस्पर्श १९११ चा, अशी वाटणी तोळ्याने बरोबर असली तरी न्यायाने बरोबर नसते, आणि पुढे ते कळले म्हणजे मनात अढी बसते.

पूर्वी घासलेल्या नाण्यांवर पुन्हा इलाज करू नये. ती तशीच ठेवली, तर वीस-तीस वर्षांत त्यांच्यावर शांतपणे नवी छटा येते. ओरखडे जात नाहीत, पण डोळ्यांना खुपेनासे होतात. त्याला कोणी फसवणूक म्हणणार नाही. कुंकू, तेल, केशर-चंदन लागले असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये किंवा डिस्टिल्ड पाण्यात नाणे नुसते भिजवावे आणि मऊ कापडावर ठेवून टिपून घ्यावे, घासू नये. पूजेसाठी एक-दोन साधे, झिजलेले रुपये किंवा हल्लीचे चांदीचे नाणे वेगळे काढावे. ते दरवर्षी खुशाल उजळावे. प्रभावनेत मिळालेली नवी नाणी या कामाला फार उपयोगी पडतात.

उरलेल्या नाण्यांना रबरबँड लावू नये. रबरात गंधक असतो आणि वर्षभरात नाण्यावर काळा पट्टा उमटतो. लोकर, वर्तमानपत्र आणि मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकचे कप्पे टाळावेत. पीव्हीसीतून सुटणाऱ्या द्रव्याने चांदीवर हिरवट चिकट थर येतो. पॉलिएस्टरचे पारदर्शक कप्पे किंवा आम्लरहित कागदाची पाकिटे घ्यावीत, प्रत्येकात एकच नाणे, सोबत सिलिका जेलची पुडी. लॉकर पावसाळ्यात एकदा उघडून ती पुडी बदलावी. पाकिटावर पेन्सिलीने साल, वजन, कोणाकडून आले आणि ते कधी साफ केले होते का, एवढे लिहून ठेवावे. हे लिहायला घरातली मोठी माणसे असतानाच बसावे.